आपला आठवडा दुसऱ्या कुटुंबाला दिला, तर फायदा कुणाचा?

वाचकाचं पत्र:

‘नमस्कार. आमच्याकडे एका रिसॉर्टचा टाइमशेअर आहे, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळ तिथे राहायचा विकत घेतलेला हक्क. दोन बेडरूमचं युनिट, वर्षाला एक आठवडा, तारखा आपण निवडायच्या. मुलं लहान होती तोवर दरवर्षी जायचो. आता मुलांच्या परीक्षा, ह्यांची नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, यात जमत नाही. देखभाल शुल्क मात्र भरावंच लागतं आणि ते वाढतच चाललं आहे. म्हणून यंदा ह्यांच्या ऑफिसमधल्या एका कुटुंबाला आम्ही आमचा आठवडा भाड्यानं दिला. पाहुण्यांचं नाव नोंदवायचं वेगळं शुल्क कंपनीनं घेतलं. ते लोक परत आल्यावर कळलं, की तिथे त्यांना सभासदत्व विकण्याच्या प्रेझेंटेशनला बसवायचा दोनदा प्रयत्न झाला. माझी नणंद म्हणते, “तुमच्या जिवावर कंपनी कमावते आहे. तुम्ही गिऱ्हाईक आणून देता आणि वर शुल्कही भरता. बंद करा हे.” ह्यांना उलटीच धास्ती. यात कंपनीचं नुकसान होतं, त्यामुळे एक दिवस ती आपलं सभासदत्वच रद्द करेल, असं त्यांना वाटतं. मला दोघांचंही थोडंथोडं पटतं. खरं काय आहे? पुढच्या वर्षी आठवडा द्यावा की नाही?’

उत्तर:

ताई, थेट उत्तर आधी देते. हो, तुम्ही तुमचा आठवडा दुसऱ्या कुटुंबाला दिलात की कंपनीचा फायदा होतो, आणि तो एकाच वाटेनं होत नाही. तुमच्या नणंदेनं हे बरोबर ओळखलं आहे. पण त्यावरून ‘म्हणून देऊ नका’ असं ती म्हणते, ते मला पटत नाही. कंपनीला होणारा हा फायदा बहुतांशी तुमच्या खिशातून जात नाही. आठवडा रिकामा ठेवलात तर कंपनीचं फारसं काही बिघडणार नाही, तुमचं शुल्क मात्र पूर्ण वाया जाईल. तुमच्या यजमानांची धास्ती एका विशिष्ट परिस्थितीत खरी ठरते. तुमच्या पत्रावरून तरी तुम्ही त्या परिस्थितीत दिसत नाही. तिच्याकडे पुढे येते.

‘कंपनी’ म्हणताना आपण तीन वेगळ्या पक्षांना एकाच नावानं हाक मारतो. ज्यानं रिसॉर्ट उभारलं आणि तुम्हाला आठवडा विकला तो विकासक पहिला. रिसॉर्ट रोज चालवणारी, खोल्या स्वच्छ ठेवणारी, बुकिंग पाहणारी व्यवस्थापन कंपनी दुसरी. आणि सगळ्या आठवडामालकांची मिळून असलेली संघटना तिसरी, जिच्या खात्यात देखभाल शुल्क जमा होतं. मोठ्या ब्रँडमध्ये पहिल्या दोन भूमिका सहसा एकाच समूहाकडे असतात. जिथे मालकी न देता ठरावीक वर्षांसाठी फक्त वापराचा हक्क विकला जातो, तिथे अशी संघटना नसतेही आणि शुल्क थेट कंपनीकडेच जातं. फायदा कुणाचा हे पाहताना हे तिघे वेगळे धरावे लागतात, कारण एकाला जे हवं असतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

तुमची अडचणही नवी नाही, याचा थोडा धीर वाटू द्या. हा धंदा युरोपात १९६०च्या दशकात सुरू झाला. स्वित्झर्लंडची हापिमाग ही १९६३मध्ये स्थापन झालेली कंपनी त्यातल्या पहिल्यांपैकी. अमेरिकेत तो पसरला तेव्हा लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं, की कुठलंही कुटुंब त्याच जागी, त्याच आठवड्यात, वर्षानुवर्षं जाऊ शकत नाही. म्हणून १९७४मध्ये जॉन आणि क्रिस्टेल डीहान या दांपत्यानं इंडियानापोलिसमध्ये आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी काढली. १९७६मध्ये इंटरव्हल इंटरनॅशनल आली. अदलाबदलीचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, तो मालकांना आपला आठवडा वापरणं जमत नाही यावरच. भाड्यानं देणं ही त्याच अडचणीतून निघालेली दुसरी वाट आहे. तुम्ही काही आडमार्गानं गेलेला नाहीत.

आता फायद्याकडे. सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा हा, की भाडं मिळालं म्हणजे तुम्ही शुल्क भरत राहता. जो मालक जाऊही शकत नाही आणि ज्याला भाडंही मिळत नाही, तो दोन-तीन वर्षं दातओठ खात पैसे भरतो आणि मग थांबतो. असे थकबाकीदार वाढले की संघटनेच्या हिशोबात खड्डा पडतो. रिसॉर्टचं छत गळायचं थांबत नाही, लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल कमी होत नाही. तो खड्डा उरलेल्या मालकांच्या वाढीव शुल्कातून भरला जातो. तुमचं शुल्क वाढत चाललं आहे त्यामागे महागाईबरोबर हेही एक कारण असू शकतं. वार्षिक हिशोबात बुडीत थकबाकीसाठी किती रक्कम बाजूला काढली आहे, ते एकदा जरूर बघा. व्यवस्थापन कंपनीचा मोबदला बऱ्याच ठिकाणी रिसॉर्टच्या एकूण खर्चाच्या ठरावीक टक्क्यात ठरलेला असतो. म्हणजे तुम्ही स्वतः जा, पाहुणे पाठवा किंवा खोली रिकामी ठेवा, तिला रस असतो तो शुल्क वेळेवर येण्यात. तुमचा भाडेकरू ते शुल्क अप्रत्यक्षपणे भरतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नणंदेच्या बाजूची आहे. विकासकाला मालकानं पैसे थकवणं नेहमीच नकोसं असतं असं नाही. मागणी असलेल्या ठिकाणी थकबाकीदाराचा आठवडा परत ताब्यात आला, तर तो नवीन बांधकामाचा खर्च न करता पुन्हा पूर्ण किमतीला विकता येतो. मोठ्या कंपन्या असे परत घेतलेले आठवडे आणि पॉइंट्स (ठरावीक आठवड्याऐवजी विकले जाणारे, बुकिंगसाठी खर्चायचे गुण) उघडपणे पुन्हा विक्रीला काढतात. त्यामुळे ‘आम्ही पैसे भरत राहावं म्हणून कंपनी आमची मिनतवारी करेल’ असं कुणी धरून चालू नये. जुन्या, मागणी घटलेल्या रिसॉर्टमध्ये मात्र चित्र उलटं असतं. तिथे परत आलेला आठवडा कुणालाच नको असतो आणि भरणारा मालक टिकवणं हेच सगळ्यांच्या हिताचं असतं.

दुसरा फायदा पाहुण्यांच्या खर्चाचा. रिकामी खोली उपाहारगृहात जेवत नाही, स्पामध्ये जात नाही, सहलीची तिकिटं काढत नाही, पार्किंगचे पैसे देत नाही. अमेरिकेत महासाथीच्या आधीच्या वर्षांत टाइमशेअर रिसॉर्टमधल्या सुमारे ८० टक्के खोल्या भरलेल्या असायच्या, तेव्हा तिथल्या हॉटेलांचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास होतं. खोल्या भरलेल्या राहतात त्यात मालकांबरोबर त्यांचे पाहुणे, अदलाबदलीनं आलेले लोक आणि भाडेकरूही असतात. त्यातही भाड्यानं आलेलं कुटुंब बहुधा पहिल्यांदा आलेलं असतं. जुना मालक स्वयंपाकघर असलेल्या युनिटमध्ये सामान भरून ठेवतो आणि बाहेर फारसा पैसा काढत नाही. नवीन माणसाला सगळंच बघायचं असतं, करायचं असतं. पाहुण्याचं नाव नोंदवायचं शुल्कही यातच धरा. एका संगणकात एक नाव बदलायचं काम आहे ते. रक्कम कितीही असो, ती जवळजवळ निव्वळ कमाई असते.

पण खरी गोम आहे ती प्रेझेंटेशनमध्ये, आणि तिथे जरा थांबते, कारण तुमच्या परिचितांना आलेला अनुभव तिथलाच आहे.

प्रवास करून थकलेलं कुटुंब फ्रंट डेस्कवर येतं. मुलं कंटाळलेली, सामान पायाशी. नाव, ओळखपत्र, अनामत रकमेसाठी कार्ड, सगळं होतं. किल्ली हातात येते. आणि मग हसतमुख कर्मचारी सांगतो, ‘गाडीचा पास आणि स्वागताची भेट त्या पुढच्या टेबलावर मिळेल.’ ते पुढचं टेबल रिसॉर्टच्या विक्री विभागाचं असतं. तिथली व्यक्ती परिसराचा नकाशा उलगडते, कुठे काय बघायचं ते आपुलकीनं सांगते, मुलांची वयं विचारते, याआधी सुट्टीत कुठे गेला होतात ते विचारते. या गप्पांमधून घराची ऐपत आणि आवड तिच्या लक्षात आलेली असते. मग येतं आमंत्रण. उद्या किंवा परवा सकाळी फक्त ९० मिनिटं, बदल्यात एखादी भेट, कुपन किंवा सहलीवर सूट. पहिल्यांदा नकार दिला की एक-दोन दिवसांनी खोलीत फोन येतो. तुमच्या परिचितांना दोनदा बोलावलं गेलं, त्यात काही अघटित नाही. बहुतेक ठिकाणची ही ठरलेली पद्धत आहे.

एवढी धडपड का, ते आकड्यांनी कळतं. मोठ्या टाइमशेअर कंपन्यांना विक्रीतून जो पैसा मिळतो त्यातला जवळपास निम्मा पुन्हा विक्री आणि प्रचारावर खर्च होतो. लोकांना स्वस्तात सहल देऊन बोलावणं, मॉलमध्ये आणि विमानतळावर टेबलं मांडणं, फोन करणं, भेटी वाटणं, विक्रेत्यांचं कमिशन, सगळं त्यात आलं. शिवाय या कंपन्यांची निम्म्याहून जास्त विक्री जुन्याच मालकांना होते, म्हणजे अपग्रेड आणि जादा पॉइंट्स. नवीन कुटुंब मिळवणं हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं आणि सगळ्यात अवघड काम आहे. आणि तुम्ही काय केलंत? रिसॉर्टची सुट्टी आवडणारं, त्यासाठी पैसे मोजायची तयारी असलेलं, मुलंबाळं असलेलं एक कुटुंब थेट त्यांच्या दारात पोचवलंत. त्याला शोधायला कंपनीला दमडी खर्चावी लागली नाही. शिवाय ते कुटुंब खोलीत राहून, सगळं वापरून, समाधानी होऊन प्रेझेंटेशनला बसतं. यापेक्षा सोयीचं गिऱ्हाईक विक्री विभागाला शोधून सापडणार नाही. नणंदेचं म्हणणं इथे अगदी खरं आहे.

मग कंपन्या भाड्यानं देण्यावर नियम का घालतात? कारण याच ठिकाणी नाण्याची दुसरी बाजू सुरू होते.

कंपन्या स्वतःही खोल्या भाड्यानं देतात. न विकले गेलेले आठवडे, मालकांनी वेळेत बुक न केलेले दिवस, परत आलेले पॉइंट्स, हे सगळं त्या स्वतःच्या संकेतस्थळावरून हॉटेलसारखं विकतात. मॅरियट व्हेकेशन्स किंवा हिल्टन ग्रँड व्हेकेशन्ससारख्या कंपन्यांच्या जमाखर्चात खोलीभाड्याचं उत्पन्न वेगळं दाखवलेलं असतं. तुम्हाला फक्त शुल्क भरून निघायला हवं असतं, म्हणून तुम्ही कंपनीच्या दरापेक्षा बरंच कमी भाडं घेता. एका तुमच्यामुळे काही होत नाही. पण शेकडो आठवडे किंवा लाखो पॉइंट्स स्वस्तात गोळा करून, गर्दीच्या हंगामातल्या सगळ्यात चांगल्या तारखा बुकिंग उघडताक्षणी उचलून, वर्षभर भाड्यानं देणारे लोक असतात. ते कंपनीच्या खोलीभाड्यावर घाला घालतात, आणि त्याहून वाईट म्हणजे साध्या मालकांना सुट्टीच्या दिवसांत जागाच मिळत नाही. ती ओरड कंपनीकडे जाते.

आणखी एक दुखणं आहे. प्रेझेंटेशनला बसलेल्या भाडेकरूच्या मनात एक हिशोब आपोआप सुरू होतो. ‘हीच खोली मी मालकाकडून एवढ्यात घेतली. मग एवढी मोठी रक्कम आधी भरून, वर दरवर्षी शुल्क का भरू? हवं तेव्हा भाड्यानं घेईन.’ या प्रश्नाचं चांगलं उत्तर विक्रेत्याकडे नसतं. म्हणजे एकच भाडेकरू एका दिवशी सर्वोत्तम गिऱ्हाईक असू शकतो आणि दुसऱ्या दिवशी न विकत घेण्याचं जितंजागतं कारण. त्यामुळे भाड्यानं देण्याबाबत कंपन्यांचं धोरण कधी एका बाजूला ठाम नसतं. थोडं चालवून घ्यायचं, वाढलं की आवळायचं, असंच सगळीकडे दिसतं.

डिस्नी व्हेकेशन क्लब या डिस्नीच्या टाइमशेअर योजनेचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. तिथे सभासदाला आपले पॉइंट्स वापरून केलेलं बुकिंग दुसऱ्याला भाड्यानं देता येतं, पण व्यापारी हेतूनं नाही. हे ओळखायला त्यांनी एक मोजमाप घातलं होतं. १२ महिन्यांत २० पेक्षा जास्त बुकिंग करणाऱ्यानं ती वैयक्तिक वापरासाठी आहेत हे दाखवून द्यायचं. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. वर्षाला एक आठवडा, तोही ओळखीच्या कुटुंबाला, आणि कंपनीनं स्वतः शुल्क घेऊन नोंदवलेल्या नावानं. पाहुण्याचं नाव नोंदवून घेणारी आणि त्याचे पैसे घेणारी कंपनी त्याच कारणानं सभासदत्व रद्द करेल, ही शक्यता अगदी कमी. तरीही कराराची प्रत काढून ‘वैयक्तिक वापर’, ‘व्यापारी वापर’ आणि ‘पाहुणे’ हे शब्द जिथे येतात ते परिच्छेद नीट वाचा. काही करारांत पाहुणे फुकट पाठवायला मुभा असते पण भाडं घ्यायला मनाई. तुमच्या करारात तसं असेल, तर तुमच्या यजमानांचं म्हणणं ऐकावं लागेल.

एक सापळा मात्र आवर्जून सांगते, कारण त्यात चांगली, सरळ माणसं अडकतात. आपला स्वतःचा आठवडा भाड्यानं देणं वेगळं, आणि आरसीआय किंवा इंटरव्हलमार्फत अदलाबदलीनं मिळालेला दुसऱ्या रिसॉर्टचा आठवडा भाड्यानं देणं वेगळं. अदलाबदलीनं मिळालेली जागा तुम्ही पाहुण्यांना भेट म्हणून देऊ शकता, त्यासाठी त्यांचं गेस्ट सर्टिफिकेट असतं, पण तिचं भाडं घ्यायला दोन्ही कंपन्यांची मनाई आहे. पकडलं गेलं तर बुकिंग रद्द होतं, खातं बंद होऊ शकतं, आणि तुमचे पाहुणे सामानासकट दारात अडकतात. पुढच्या वर्षी समजा तुम्ही आठवडा अदलाबदलीत टाकलात आणि मग जाता आलं नाही, तर तो भाड्यानं द्यायचा मोह टाळा.

आता तुमचा हिशोब. विकत घेताना दिलेली रक्कम त्यात धरू नका. ती गेली, आठवडा भाड्यानं द्या किंवा देऊ नका, परत येणार नाही. धरायचं ते एवढंच: मिळालेलं भाडं, त्यातून वजा पाहुण्याच्या नोंदणीचं शुल्क, वजा भाडेकरू शोधायला आणि निरोपानिरोपी करायला गेलेला तुमचा वेळ, आणि समोर त्या वर्षाचं देखभाल शुल्क. भाड्यात शुल्क निघत असेल तर निःशंक द्या. अर्धंच निघत असेल तरी रिकामा ठेवण्यापेक्षा देणं बरं. पण दरवर्षी भाडं मागे पडत चाललं आणि शुल्क पुढे जात राहिलं, तर प्रश्न भाड्याचा उरत नाही. हा आठवडा तुमच्या घराला अजून हवा आहे का, हा प्रश्न मग विचारावा लागतो. काही कंपन्या कर्ज फिटलेला, थकबाकी नसलेला आठवडा परत घेतात. ही योजना जाहिरातीत सापडत नाही, लेखी विचारावी लागते. आणि थकबाकी झाल्यावर ती वाट सहसा बंद होते, म्हणून विचारायचं ते पैसे नियमित भरत असतानाच.

तुम्हाला आठवडा विकताना कुणी ‘नाही जमलं तर भाड्यानं द्या, शुल्क सहज सुटेल’ असं सांगितलं असेल. बहुतेकांना सांगितलेलं असतं. आणि बहुतेकांच्या करारात, बारीक अक्षरांत, ‘ही खरेदी मी भाड्याच्या किंवा पुनर्विक्रीच्या उत्पन्नासाठी करत नाही’ अशा अर्थाच्या वाक्याखाली त्यांची सही असते. यामागे कारण आहे. अमेरिकेत भाड्याच्या कमाईचं आमिष दाखवून टाइमशेअर विकला तर तो गुंतवणुकीचा रोखा ठरू शकतो आणि रोख्यांचे कडक कायदे लागू होतात. म्हणून तोंडी एक आणि कागदावर दुसरं. मला या धंद्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. जो भार हलका करायचं आश्वासन देऊन सही घेतली, तो भार हलका करायची जबाबदारी कंपनीनं कागदावर कधीच घेतलेली नसते.

नणंदबाई कदाचित म्हणतील, मग फायद्यात वाटा मागा. मागून बघायला हरकत नाही, पण कुठल्या रूपात मिळतो ते समजून घ्या. काही कंपन्या मालकांचे आठवडे स्वतः भाड्यानं लावून देतात आणि कमिशन कापून उरलेलं देतात. तिथे एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक आलं की आधी कंपनीच्या खोल्या जातात की माझी? यावर गोलमोल उत्तर आलं, तर तुमचा आठवडा शेवटच्या रांगेत आहे असं समजा. दुसरं रूप म्हणजे ओळखीचं बक्षीस. तुमच्या पाहुण्यानं सभासदत्व घेतलं तर तुम्हाला पॉइंट्स किंवा सूट. हे घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. तुमच्याकडे विश्वासानं आलेल्या माणसाच्या सहीवर तुमचं बक्षीस अवलंबून असलं, की त्याला खरा सल्ला द्यायला तुम्ही मोकळ्या राहत नाही. ऑफिसातलं नातं त्या पॉइंट्सपेक्षा महत्त्वाचं आहे.

त्यापेक्षा पुढच्या पाहुण्यांना जाण्याआधीच नीट कल्पना द्या. तिथे प्रेझेंटेशनला बोलावतील. तुम्ही खोलीचे पैसे दिलेले आहेत, जायचं कुठलंही बंधन नाही. एकदा ‘नको, धन्यवाद’ म्हटलं की पुरे, कारण सांगायची गरज नाही. भेटीच्या मोहानं गेलातच, तर त्याच दिवशी सही करू नका. आणि सही झालीच, तर करार रद्द करायची मुदत किती आहे ते त्याच संध्याकाळी बघा. युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार ती १४ दिवस आहे आणि त्या काळात विक्रेत्याला आगाऊ रक्कम घेता येत नाही. फ्लोरिडात ती १० दिवस आहे. मुदत जागेनुसार बदलते, पण ती लेखी कळवूनच वापरावी लागते. फोनवर ‘रद्द करतो’ म्हणून भागत नाही.

तुम्ही आणि पाहुण्यांमध्येही एक कागद असू द्या, ओळखीचे असले तरी, किंबहुना ओळखीचे आहेत म्हणूनच. भाडं किती, कधी, त्यांचं जाणं रद्द झालं तर काय, रिसॉर्टमध्ये भरायचे इतर पैसे कुणी भरायचे, आणि खोलीत मोडतोड झाली तर कोण देणार. बऱ्याच करारांत पाहुण्यानं केलेल्या नुकसानीला मालकच जबाबदार असतो. बिल तुमच्या नावावर येतं, आणि ते फिटेपर्यंत पुढचं बुकिंग अडू शकतं.

पुढे कधी ओळखीबाहेरचा भाडेकरू शोधायला जाहिरात दिलीत, तर एका प्रकारच्या फोनसाठी तयार राहा. ‘तुमच्या आठवड्याला भाडेकरू तयार आहे’, किंवा ‘खरेदीदार तयार आहे, चांगली किंमत देतो आहे, फक्त कर आणि नोंदणीची रक्कम आधी पाठवा.’ बोलणं गोड, कागदपत्रं खऱ्यासारखी, पैसे गेले की माणूस गायब. अमेरिकेच्या एफबीआयच्या आकड्यांनुसार, २०१९ ते २०२३ या काळात मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या नावानं झालेल्या अशा फसवणुकीत सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची तक्रार केली. त्यामागे अमली पदार्थांच्या टोळ्या असल्याचा इशारा अमेरिकेच्या अर्थखात्यानं २०२४मध्ये दिला. यात अडकणारे बहुतेक वयस्कर मालक असतात, शुल्कानं टेकीला आलेले, सुटकेची वाट पाहणारे. घरात सासरे आहेत आणि असा फोन ते उचलू शकतात, तर त्यांनाही सांगून ठेवा: आपल्याला पैसे मिळायचे असताना आपणच आधी पैसे पाठवायचे नाहीत.

तर पुढच्या वर्षी द्या, माझं मत स्वच्छ आहे. त्याआधी कंपनीला एक ईमेल पाठवा. फोन नको, ईमेलच. त्यात तीनच प्रश्न: माझ्या करारानुसार वर्षातून एकदा माझा आठवडा दुसऱ्या कुटुंबाला भाड्यानं देता येतो का? पाहुण्याच्या नोंदणीचं शुल्क आणि मुदत काय? आणि आठवडा परत घ्यायची काही योजना आहे का? तुमच्या तारखा ठरलेल्या नाहीत, दरवर्षी निवडाव्या लागतात, म्हणजे चांगले दिवस बुकिंग उघडल्याबरोबर संपतात. ते कधी उघडतं ते बघून महिनाभर आधी हा ईमेल जाऊ द्या. लेखी उत्तर हातात आलं की यजमानांना दाखवा, आणि ते येईपर्यंत कुणाकडूनही भाड्याची आगाऊ रक्कम घेऊ नका.